जाळीआडचे घर आणि नाशिकची ओली भिंत
वाचकांचे प्रश्न : घर, वाडा, वास्तू

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी ग्लासगोला आहे. तिने हेलेन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावातील ‘हिल हाउस’ नावाच्या जुन्या बंगल्याचे छायाचित्र पाठवले. बंगला मोठा देखणा आहे, परंतु त्याच्याभोवती आणि डोक्यावर लोखंडी सांगाड्याचा प्रचंड पिंजरा उभा केलेला असून त्याला साखळ्यांची जाळी लावलेली दिसते. दुरुस्ती चालू असावी असे मला वाटले, पण ती म्हणते की लोक तिकीट काढून हा पिंजराच पाहायला येतात. एका बंगल्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या कन्येने पाहिलेला पिंजरा म्हणजे त्या घराची छत्री आहे. घर ११५ वर्षे पावसात भिजले, भिंतींच्या गाभ्यापर्यंत ओल मुरली आणि ती ओल वाळू द्यायची तर आधी वरून पडणारे पाणी थांबवणे भाग होते; म्हणून २०१९ साली संपूर्ण घरच एका छपराखाली घेण्यात आले. हे घर एवढ्या मोलाचे का आणि ते इतके भिजले कसे, या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्यामुळे उत्तर थोडे मागून सुरू करतो.

हेलेन्सबर्ग हे स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या रुंद खाडीवर, तिच्या उत्तर किनाऱ्यावर वसलेले गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७७६च्या सुमारास, ‘लस’ नावाच्या गावाचे जमीनदार सर जेम्स कोल्हून यांनी ते वसवायला घेतले आणि आपल्या पत्नीच्या, हेलनच्या, नावावरून त्याला नाव दिले. रस्ते पटावरच्या घरांसारखे काटकोनात आखलेले आहेत. १८१२ साली ‘कॉमेट’ ही आगबोट क्लाइडवर चालवणारे हेन्री बेल याच गावचे. प्रवाशांची नियमित ने-आण करणारी ती युरोपातील पहिली आगबोट मानली जाते. आधी आगबोट आणि मग १८५८ साली रेल्वे आल्यावर ग्लासगोचा धूर आणि गजबज मागे टाकून खाडीकाठी राहायला जाणे तेथील व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना शक्य झाले. सकाळी गाडीने कचेरीत जायचे आणि संध्याकाळी समुद्राच्या वाऱ्यात परतायचे, अशी ही व्यवस्था होती. त्यातून टेकडीच्या उतारावर बंगल्यांमागून बंगले उभे राहिले. कोणी इटालियन धाटणी उचलली, कोणी इंग्रजी पद्धतीच्या लाकडी पट्ट्या भिंतींवर मिरवल्या, तर कोणी किल्ल्याचे बुरूज चिकटवले.

वॉल्टर ब्लॅकी हे ग्लासगोच्या ‘ब्लॅकी अँड सन’ या प्रकाशनसंस्थेचे एक चालक होते. त्यांनी १९०२ साली या टेकडीच्या माथ्यावर जागा घेतली. संस्थेचे कलाविभाग-प्रमुख टॅलविन मॉरिस यांनी त्यांना चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचे नाव सुचवले. मॅकिंटॉश तेव्हा जेमतेम चौतिशीचे होते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या इमारतीचा पहिला टप्पा त्यांच्या आराखड्याने १८९९ साली पुरा झाला होता आणि दुसरा अजून बाकी होता. लाल कौले नकोत, विटांच्या भिंतींवर लाकडी पट्ट्यांची नक्षी नको. भिंती करड्या, खरबरीत गिलाव्याच्या असाव्यात, छप्पर पाटीच्या दगडाचे असावे आणि घराचे रूप चिकटवलेल्या नक्षीने नव्हे तर त्याच्या लहानमोठ्या भागांच्या मांडणीतून यावे, असे ब्लॅकींनी सुरुवातीलाच सांगितले. घर बांधून घेणाऱ्याला काय नको आहे हे इतके नेमके ठाऊक असणे किती दुर्मीळ असते, हे माझे वास्तुविशारद व्यवसायबंधू जाणतात.

मॅकिंटॉश यांनी लगेच कागद पुढे ओढला नाही. ब्लॅकी कुटुंब त्या वेळी डनब्लेन या गावी राहत होते. हे लोक जगतात कसे हे पाहण्यासाठी ते आधी त्यांच्या घरी जाऊन राहिले. त्यानंतर त्यांनी आतल्या खोल्यांची मांडणी केली आणि ती पक्की झाल्यावरच बाहेरून घर कसे दिसेल याची चित्रे दाखवली. म्हणून बाहेरून पाहताना हे घर एकसारखे दिसत नाही. खिडक्या समान अंतरावर नाहीत, दर्शनी बाजूला मधोमध दरवाजा नाही. जेथे आत उजेड हवा तेथे मोठी खिडकी आहे, जेथे नको तेथे सपाट, कोरी भिंत आहे, आणि घराच्या दोन अंगांच्या सांध्यात गोल जिन्याचा बुरूज आहे. १९०४ साली घर सुपूर्त करताना मॅकिंटॉश ब्लॅकींना जे म्हणाले ते असे : हा इटालियन व्हिला नाही, इंग्रजी हवेली नाही, स्विस शॅले नाही आणि स्कॉटिश किल्लाही नाही, हे राहते घर आहे.

तरीही या राहत्या घराचे रक्त जुन्या स्कॉटिश किल्ल्यांचेच आहे, आणि त्याच्या दुखण्याचे मूळही तेथेच आहे. मॅकिंटॉश यांनी १८९१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगोच्या वास्तुविशारदांपुढे स्कॉटलंडच्या जुन्या सरदारी वास्तूंवर व्याख्यान दिले होते. त्या वास्तूंच्या दगडी भिंतींवर चुन्यात बारीक खडे कालवून फेकून मारलेला गिलावा असे. तेथे त्याला ‘हार्लिंग’ म्हणतात. आपल्याकडचे गवंडी थापीने चुना मारून भिंत खरबरीत करत असत, साधारण त्यासारखेच ते काम आहे. मॅकिंटॉश यांना त्या भिंतींचे भरीव, एकसंध, जणू एकाच दगडातून कोरल्यासारखे रूप हवे होते. ते साधण्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. गिलाव्यासाठी चुन्याऐवजी पोर्टलंड सिमेंट वापरले, आणि भिंतींच्या व धुराड्यांच्या माथ्यावर पाणी बाहेर फेकणारी दगडी पट्टी बसवण्याऐवजी तोच गिलावा माथ्यावरून तसाच पलीकडे वळवला. घराच्या कडा मऊ आणि स्वच्छ दिसल्या. परंतु पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकणारा कंगोराच राहिला नाही.

पोर्टलंड सिमेंटचे एकस्व (पेटंट) जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली घेतले होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते जोमाने बाजारात येत होते. टणक, झटपट घट्ट होणारे आणि पाणी न शोषणारे असे हे साहित्य कोणालाही चुन्यापेक्षा सरस वाटावे, यात नवल नाही. परंतु चुन्याचा गिलावा पावसात थोडे पाणी पितो आणि वारा सुटला की ते परत देतो. भिंत थोडी हलली तर तोही थोडा हलतो. सिमेंट हलत नाही, तडकते. उन्हाने आणि थंडीने त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्या चिरांतून पाणी आत ओढले जाते आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला पुरेशी वाट उरत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिकचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि वर्षाचा कोणताही महिना कोरडा म्हणावा असा नसतो. आपल्याकडे निदान कार्तिकापासून वैशाखापर्यंत भिंतीला वाळायला सवड मिळते. त्या घराला ती शंभरावर वर्षे मिळाली नाही.

वॉल्टर ब्लॅकी १९५३ साली वारले आणि त्यानंतर घर विकले गेले. १९७२ साली स्कॉटलंडच्या वास्तुविशारदांच्या संस्थेने ते विकत घेतले आणि १९८२पासून ते ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’ या संस्थेकडे आहे. प्रत्येकाने डागडुजी केली, चिरा बुजवल्या, गिलाव्याचे तुकडे बदलले. पण आतल्या ओलीवर तो उपाय नव्हता. अखेर ‘कारमोडी ग्रोर्क’ या लंडनच्या वास्तुविशारदांनी आपण छायाचित्रात पाहिलेली रचना केली. तिला वर पक्के छप्पर आहे आणि चारी बाजूंनी पोलादी कड्यांची जाळी आहे. या जाळीत सुमारे ३ कोटी २४ लाख कड्या आहेत. काचेची भिंत उभी केली असती तर आत दमट हवा कोंडली असती. जाळी मात्र पावसाचा बहुतांश मारा अडवते आणि वाऱ्याला मोकळी सोडते. पक्षी आणि मधमाश्याही तिच्यातून ये-जा करतात. पिंजऱ्यात घराच्या भोवतीने आणि छपरावरून जाणारे मार्ग आहेत. माथ्यावरून वळवलेला गिलावा आणि धुराडी हाताच्या अंतरावरून पाहता येतात. म्हणजे ज्या जागी चूक झाली, ती जागाच पाहुण्यांना दाखवली जाते. घर बंद करून गुपचूप दुरुस्त करण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

प्रश्न : मॅकिंटॉश यांची उंच पाठीची काळी खुर्ची मी नाशिकच्या एका फर्निचरच्या दुकानात नकलेच्या रूपात पाहिली. बसायला ती अतिशय गैरसोयीची आहे. मग तिची एवढी ख्याती कशी?
— एक वाचिका, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : दुकानात ती एकटी होती, हीच तिची अडचण. हिल हाउसच्या मुख्य शयनगृहात ती पांढऱ्या भिंतीपुढे उभी आहे. ती खोली जवळजवळ संपूर्ण पांढरी आहे : भिंती पांढऱ्या, कपाटे पांढरी आणि त्यांत गुलाबी काचेचे छोटे तुकडे, पलंग कमानदार छताच्या कोनाड्यात. अशा खोलीत सुमारे १४१ सेंटिमीटर उंचीची, शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची काळी पाठ ठेवली की नजर तेथे थांबते आणि बाकीचा पांढरेपणा मोजता येतो. शुभ्र कागदावर काळ्या शाईची एकच रेघ ओढावी, तसे तिचे काम आहे. ती कपडे ठेवायला किंवा क्षणभर टेकायला होती. तिच्यावर बसून तासभर वाचन करावे अशी तिच्याकडून अपेक्षा नव्हती. नक्कल विकत घेणार असाल तर आधी ती कोणत्या भिंतीपुढे उभी राहणार आहे ते ठरवावे.

या निमित्ताने घराच्या आतल्या मांडणीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण वाड्यात वाढलेल्या माणसाला ती ओळखीची वाटेल. प्रवेशाजवळच ग्रंथालय आहे. प्रकाशकाकडे कामाची माणसे सतत येणार, त्यांना घराच्या पोटात न्यावे लागू नये म्हणून ही खोली दाराशी ठेवलेली आहे. आपल्या वाड्यात बाहेरचा माणूस ओसरीवरून परत जात असे आणि माजघरापर्यंत पोचत नसे, तोच हा विचार. मुलांच्या खोल्या एका टोकाला आहेत. दिवाणखाना एकच असला तरी त्याचे ऋतूंप्रमाणे भाग पाडलेले आहेत. बागेकडे आणि खाडीकडे उघडणाऱ्या काचेच्या खिडकीशी बैठक आहे, ती उन्हाळ्यासाठी. आत शेकोटीभोवतीची जागा हिवाळ्यासाठी. आणि पियानोसाठी वेगळा कोनाडा आहे. भिंतींवर गुलाबांची नक्षी साच्याने रंगवलेली आहे आणि शेकोटीवरचा उठावाचा, रंगीत चित्रफलक मार्गारेट मॅकडोनाल्ड यांचा आहे. मार्गारेट या मॅकिंटॉश यांच्या पत्नी. या घरातील कापडावरचे भरतकाम आणि चित्रफलक त्यांच्या हातचे आहेत, आणि मला वाटते, या घराचे श्रेय देताना त्यांचे नाव नेहमी शेवटी यावे हे बरोबर नाही.

सगळ्याच खोल्या अशा सजवलेल्या नाहीत. खर्चाला मर्यादा होती, म्हणून मॅकिंटॉश यांचे फर्निचर मुख्यतः प्रवेशदालन, ग्रंथालय, दिवाणखाना आणि मुख्य शयनगृह यांपुरतेच राहिले. बाकीच्या खोल्यांत ब्लॅकी कुटुंबाने आपले जुने सामान वापरले.

प्रश्न : आमचा वाडा जुन्या नाशकात, गोदावरीपासून फार दूर नाही. वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता खालच्या चार फुटांत रंगाचे पोपडे निघतात, पांढरा लोणा येतो आणि गिलाव्यावर बोट आपटले की पोकळ आवाज येतो. कंत्राटदार म्हणतो, सगळे काढून जलरोधक रसायन लावून पुन्हा सिमेंट करू. आपण या सदरात परदेशी घरांविषयी लिहिता, पण आमच्यासारख्यांनी काय करावे?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला बरे वाटले, कारण वरच्या पहिल्या पत्राचे उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्यासारखीच भिंत होती. दुखणे तेच आहे. आपल्या वाड्याचे जोते काळ्या दगडाचे आणि वरची भिंत विटांची असावी. विटांच्या सांध्यांतला मसाला चुन्याचा किंवा मातीचा असणार. अशी भिंत जमिनीतून थोडी ओल वर खेचते आणि पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून सहज बाहेर टाकत असे. सिमेंटने बाहेरची वाट बंद केल्यावर ओल आणखी वर चढली, पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठले, त्यांचे स्फटिक फुगले आणि त्यांनी गिलावा विटेपासून सुटा केला. पोकळ आवाज येतो तो त्याचा. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर लागले त्यावरून आपण पूर मोजतो. नदीचे तेच पाणी काठच्या भिंतींत शिरून ओसरते तेव्हा आपले क्षार मागे ठेवून जाते.

कंत्राटदाराचा सल्ला कृपया मानू नये. जलरोधक रसायनाने ओल कोंडली की ती आणखी वर, लाकडी तुळयांच्या टोकांपर्यंत जाते, आणि तेथे कुजणे व वाळवी यांना निमंत्रण मिळते. मी स्वतः व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाड्याला असाच सिमेंटचा गिलावा सुचवला होता. तीन पावसाळ्यांनंतर तो निखळला आणि त्याबरोबर जुन्या विटांचे दर्शनी पापुद्रेही निघून आले. त्या विटा परत मिळाल्या नाहीत, आणि ती भिंत मी अजून विसरलेलो नाही.

आपण आधी पाणी कोठून येते ते शोधावे; गिलाव्याला हात त्यानंतर लावावा. पन्हळी फुटलेल्या आहेत का, वळचणीच्या पागोळ्या भिंतीच्या पायाशीच पडतात का, न्हाणीचा नळ गळतो का, हे पाहावे. जुन्या नाशकात आणखी एक कारण बहुतेक ठिकाणी आढळते : रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने रस्ता जोत्याच्या बरोबरीला, कधी त्याच्याही वर आलेला असतो आणि पावसाचे पाणी थेट विटांच्या भिंतीला लागते. तसे असेल तर भिंतीलगत उथळ चर काढून पाण्याला उतार देणे, हे कोणत्याही गिलाव्याहून अधिक उपयोगाचे ठरेल.

त्यानंतर, दिवाळी झाल्यावर, पोकळ झालेला सिमेंट गिलावा छिन्नी-हातोडीने हलक्या हाताने काढावा. यंत्राचा हातोडा लावू देऊ नये, कारण तो विटाही फोडतो. जेथे सिमेंट विटेला घट्ट धरून आहे आणि काढताना वीट तुटते, तेथे ते तूर्त राहू द्यावे. उघडी पडलेली भिंत होळीपर्यंत तशीच ठेवावी. घर विद्रूप दिसेल, शेजारी विचारतील. पण या चार महिन्यांत भिंत जे करेल ते कोणतेही रसायन करू शकत नाही. लोणा दिसेल तसा कोरड्या कुंचल्याने झाडून गोळा करून बाहेर टाकावा. तो धुऊ नये, धुतला की पुन्हा भिंतीतच जातो.

गिलाव्यासाठी चांगला भिजवून मुरवलेला चुना १ भाग आणि वाळू व सुर्खी मिळून ३ भाग, असे प्रमाण घेऊन दोन-तीन पातळ थर द्यावेत. सुर्खी म्हणजे नीट भाजलेल्या विटांची पूड. प्रत्येक थर ओल्या पोत्यांखाली सावकाश वाळू द्यावा आणि भर उन्हात काम करू नये. कळीचा चुना विरवताना, म्हणजे पाण्यात भिजवताना, तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, आणि मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावे. शेवटी चुन्याची सफेदी करावी. प्लॅस्टिक पेंट लावला तर केलेले सर्व वाया जाईल. सफेदी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी लागेल. आपले आजोबा दसऱ्या-दिवाळीच्या आधी ती करत असत, ते याचसाठी. काम सुरू करण्यापूर्वी जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या अभियंत्याकडून तुळयांची टोके मात्र अवश्य तपासून घ्यावीत.

चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, पण नाशिकच्या मंदिरांच्या आणि वाड्यांच्या दुरुस्त्यांवर काम केलेले कारागीर विचारपूस केल्यास भेटतात. आपण त्यांना आधी चार चौरस फुटांचा तुकडा करून दाखवायला सांगावे आणि एक पावसाळा पाहावे.

प्रश्न : मग हिल हाउसचे पुढे काय? सिमेंट काढून चुना लावला तर ते मॅकिंटॉश यांचे घर राहील का?
— एक विद्यार्थी, वास्तुकला, नाशिक

उत्तर : आपण या सदरातील सर्वांत अवघड प्रश्न विचारला आहे. स्कॉटलंडमध्ये क्रेगीव्हार नावाचा गुलाबी किल्ला आहे; त्यावरचा विसाव्या शतकातील सिमेंटचा गिलावा काढून तेथे पुन्हा चुन्याचा गिलावा केला गेला. पण तेथे निर्णय सोपा होता, कारण किल्ला मुळात चुन्याचाच होता आणि सिमेंट नंतरच्या दुरुस्तीचे होते. हिल हाउसमध्ये सिमेंट स्वतः वास्तुविशारदाने निवडलेले आहे. ते काढणे म्हणजे त्याचा एक निर्णय पुसणे होय; ठेवणे म्हणजे त्याच निर्णयाने घर झिजू देणे होय.

माझे मत विचाराल तर मॅकिंटॉश यांना सिमेंट हवे नव्हते, रूप हवे होते. माथ्यावरून सलग वळणारी ती कड, ती करडी खरबरीत भिंत आणि तिच्यावर ढगाळ उजेडात पडणारी मऊ सावली, हे जपले जात असेल तर तिच्या आतले मिश्रण बदलायला माझी हरकत राहणार नाही. परंतु माथ्यावर ठळक दगडी पट्टी बसवून पाणी अडवण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला, तर मी विरोध करीन, कारण त्याने भिंत कोरडी राहील आणि घर दुसऱ्याच कोणाचे होईल. माथ्याच्या गिलाव्याखाली दिसणार नाही असा पत्रा किंवा पाणी अडवणारा थर घालता येतो, आणि मी त्या दिशेने विचार केला असता. हे ठरवायला भिंत आधी कोरडी लागते, ओल्या भिंतीवर केलेली कोणतीही चाचणी खरे सांगत नाही. जाळीचा पिंजरा उभारून मिळवली आहे ती हीच सवड. आपण अभ्यासासाठी हे घर निवडणार असाल, तर त्याच्या माथ्याच्या कडेचा उभा छेद स्वतःच्या हाताने काढा, आणि त्याच्या शेजारी आपल्या सरकारवाड्याच्या किंवा कोणत्याही जुन्या वाड्याच्या वळचणीचा छेद काढा. पाणी कोठे पडते ते दोन्हींत बाणाने दाखवा.